ओढ्यावरून गेल्याचा गुन्हा

मंगळवार, १९ जुलै १९१०

आजपासून वहीत लिहायचं ठरवलंय. आतापर्यंत सगळे आकडे गिरणीच्या शेडच्या भिंतीवर खडूने लिहायचो. काल मेल्व्हिल साहेबांनी भिंतींना चुना मारून घेतला आणि माझा अख्खा जून महिना गेला.

पहिल्या पानावर नाव लिहायची पद्धत आहे. एबेनेझर बेव्हरिज, वय सत्तावीस, लिननच्या गिरणीत मागांचा मिस्त्री. दिवसा माग दुरुस्त करतो. उरलेल्या वेळात उडायचं यंत्र बांधतो. दोन वर्षं झाली. ते अजून उडालेलं नाही.

मेल्व्हिल साहेब गिरणीचे मॅनेजर. आज त्यांनी बोलावून घेतलं.

"बेव्हरिज, ते तुझं लचांड माझ्या शेडमध्ये अजून किती दिवस?"

मी म्हटलं, इंजिन आणखी जरा जोरदार मिळालं तर.

ते म्हणाले, "एकतीस ऑगस्टपर्यंत काय ते कर. हे यंत्र हवेतून किनाऱ्यावरचा ओढा ओलांडून गेलं असं दोन माणसांनी सही करून सांगितलं, तर शेड तुझी आणि नवं इंजिन गिरणीचं. नाही तर मोड ते, आणि पुन्हा मागांकडे लक्ष दे."

"एकानेच पाहिलं तर चालेल का, साहेब? तिकडे वाळूवर माणसं कुठे असतात."

"या देशात एकाच्या साक्षीवर कुणाला फाशी होत नाही. मग एकाच्या साक्षीवर कुणी उडेल कसं?"

ते विनोद करत नव्हते. तरुणपणी दोन वर्षं वकिली शिकलेत.

शनिवार, २३ जुलै

अर्ध्या दिवसाची सुट्टी. ओहोटी दोनला. यंत्र वाळूवर नेलं. चार वेळा पळवलं, चारही वेळा ते नुसतं पळालं.

शेपूट धरायला फीमी होती. फीमी माझी मोठी बहीण, गिरणीत चार माग चालवते. पंखांचं कापड तिनेच विणलं आणि तिनेच शिवलं.

टॅमस ऑक्टरलोनी आजही येऊन बसला होता. हा आमच्या चर्चचा शिपाई. घंटा वाजवतो, पाळकांच्या पुढे बायबल घेऊन चालतो, कबरी खणतो. दर शनिवारी माशांची रिकामी पेटी उलटी टाकून तीन-तीन तास बसतो आणि टोमणे मारतो. यंत्राला तो कोंबडी म्हणतो.

"काय, आज तरी अंडं देणार का?"

"वारा पडू दे, टॅमसकाका."

"वारा उठला की ही बसते. वारा पडला की ही पडते. बाईमाणसासारखं आहे झालं."

फीमी म्हणाली, "बाईमाणसासारखं कशाला, चर्चच्या शिपायासारखं म्हणा. पळापळ सगळी, वर जाणं नाही."

तो हसला नाही, पण पेटी जरा पुढे सरकवून बसला. इतक्या गारठ्यात हा माणूस नुसता हसायला येतो. दुसरं काही काम नसेल.

शनिवार, ३० जुलै

सात यार्ड. कदाचित.

खरं लिहायचं तर मला कळलं नाही. चाकं वर गेली की तिथे वाळूच खाली होती? फीमी गाल वाळूला टेकवून आडवी पडली होती. म्हणाली, "उजेड दिसला. चाकाच्या खालून पलीकडचा समुद्र दिसला."

टॅमसला विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं?"

"मी शिंकत होतो."

"नेमकं तेव्हाच?"

"शिंक काय तुझ्या गिरणीच्या भोंग्यावर येते?"

म्हणजे साक्षीदार एक. शिवाय सात यार्डांत ओढा नाही. ओढा तिथून अजून दोनशे यार्ड पुढे.

मला भीती वाटली हेही लिहून ठेवतो. यंत्र वर जाणार नाही याची नव्हे, वर जाईल याची वाटली.

बुधवार, ३ ऑगस्ट

बसायची फळी काढली, तिथे चामड्याचा पट्टा लावला. साडेचार पौंड कमी झाले. गिरणीत सोळा नंबरचा माग तीनदा बंद पडला, तिन्ही वेळा मी शेडमध्ये होतो. मुकादमाने बरंच ऐकवलं. त्याचं बरोबर होतं.

शनिवार, ६ ऑगस्ट

जोराचा वारा. मन नको म्हणत असताना मीच इंजिन सुरू केलं. डावा पंख वाळूत घुसला, टोक मोडलं.

टॅमस उठून गेला. तासाभराने ॲशच्या लाकडाची एक सरळ सुरेख पट्टी घेऊन आला. कुठून आणली विचारलं, तर म्हणाला, "ज्याची होती त्याची काही तक्रार नाही."

मी पुढे विचारलं नाही. माप अगदी बरोबर होतं. त्याने ते कधी घेतलं कोण जाणे.

सोमवार, १५ ऑगस्ट

हे कालच लिहायला हवं होतं, पण काल रविवार, आमच्यात त्या दिवशी कुठलंही काम पाप. एका रविवारी दोन पापं नकोत म्हणून आज लिहितो.

तेरा तारखेच्या शनिवारी दिवसभर समुद्राकडून धुकं. काही दिसलं नाही, काही झालं नाही. रविवारी सकाळी उठलो तर धुकं गेलेलं, समुद्र ताटासारखा सपाट, गवताचं पातंसुद्धा हलत नाही. ओहोटी सव्वाअकराला. चर्च अकराला.

घंटा झाली. गाव आत गेलं. मी फीमीला म्हटलं, नुसतं इंजिन तापवून बघू. खरं लिहायचं तर टाकी मी शनिवारीच काठोकाठ भरून ठेवली होती. फीमी चर्चच्या कपड्यांत होती. स्तोत्रांचं पुस्तक तिने वाळूवर ठेवलं, त्यावर हॅट ठेवली आणि शेपूट धरलं.

यंत्र पळालं. नेहमीसारखं हादरत होतं, दात वाजत होते. मग हादरे थांबले. गिरणीत असं काही एकदम थांबलं की मी धावत जातो, काहीतरी तुटलेलं असतं. तसंच वाटलं. काय तुटलं म्हणून खाली पाहिलं. खाली ओढा होता.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. पलीकडच्या वाळूवर आपटलो. उजवं चाक वाकलं. फीमी गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून आली, चांगल्या झग्यासकट.

मी विचारलं, "कसं होतं?"

ती म्हणाली, "वाईट नव्हतं."

आमच्या घरात याहून मोठं कौतुक नाही. वडील वारले तेव्हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाबद्दल लोक हेच म्हणाले होते.

अलीकडे चाकांची रेघ जिथे संपते तिथपासून पलीकडे जिथे सुरू होते तिथपर्यंत मोजलं. तीनशे बारा यार्ड. तासाभरात भरतीने सगळं पुसलं.

एक गोष्ट. मी वर असताना चर्चच्या मागच्या वाळूच्या टेकडीवर जरासा धूर दिसला होता. कुणी शेवाळ जाळत असेल. फीमीला सांगितलं, तर ती म्हणाली, "रविवारी?" आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली.

मंगळवार, १६ ऑगस्ट

मेल्व्हिल साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं.

"साक्षीदार?"

"माझी बहीण."

"एक. दुसरा?"

"गाव चर्चमध्ये होतं, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सगळं गाव जेव्हा खात्रीने एका खोलीत बंद असतं, तोच तास तू निवडलास."

मी म्हटलं, वारा तेव्हाच पडला.

"तुझ्यावर अविश्वास नाही, बेव्हरिज. तू उडालास असं मला वाटतं. पण वाटण्यावर मी इंजिन विकत घेऊ शकत नाही. वर मालक आहेत."

पुन्हा उडून दाखवावं तर चाक वाकलंय, इंजिनच्या एका नळीला तडा गेलाय. नवी नळी ग्लासगोहून यायला तीन आठवडे लागतील. एकतीस तारखेला पंधरा दिवस.

फीमीला सांगितलं.  जेवताना ती बारीकसारीक विचारत बसली. किती यार्ड, किती वाजता, कुठून कुठे. म्हटलं, कशाला पाहिजे? म्हणाली, "विसरायला होतं म्हणून." बायकांना आकड्यांत काय रस असतो कळत नाही. जेवण झाल्यावर तंबाखूची एक पुडी घेऊन टॅमसकडे गेली. म्हातारा एकटाच असतो, तिला त्याची दया येते.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

टॅमस चर्चची चिठ्ठी घेऊन दारात आला. मंगळवारी संध्याकाळी पंचांसमोर हजर व्हायचं. शब्बाथ, म्हणजे रविवारची विश्रांती, मोडल्याचा आरोप. पाळक गिलफिलन यांच्या दाराखालून कुणीतरी निनावी पत्र सरकवलंय.

"कुणी?" मी विचारलं.

"मी नुसता शिपाई. मी चिठ्ठ्या पोचवतो, वाचत नाही." आज त्याने एकही टोमणा मारला नाही. जाताना फीमीकडे बघून म्हणाला, "तंबाखू चांगली आहे. पण तेवढ्याने भागेल असं समजू नकोस."

ती म्हणाली, "मी काही मागितलेलं नाही, काका. जे झालं ते तुम्हाला फक्त सांगितलं."

"मला सांगायची गरज नव्हती. तीच तर पंचाईत आहे."

काय बोलत होते देव जाणे.

पत्रात काय आहे ते मुद्दाम पाळकांना जाऊन विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. तारीख, वेळ, ओढा, आणि "तीनशे बारा यार्ड". म्हणजे हा मनुष्य लपून बसला होता आणि मी गेल्यावर त्यानेसुद्धा मोजलं. इतकं अचूक मोजणारा माणूस गावात माझ्याशिवाय दुसरा कोण आहे याचा दिवसभर विचार केला. कुणी सापडला नाही. घरी आलो तर फीमी बोटावरची शाई दगडाने घासत होती. तिला म्हटलं, हा चुगलखोर सापडू दे. ती म्हणाली, "सापडला की आधी त्याचं ऐकून घे."

मग भांडी घासता घासता म्हणाली, "पंच जे ठरवतात ते त्यांच्या पुस्तकात लिहितात ना?"

"लिहितात."

"मेल्व्हिल साहेब ते पुस्तक मानतील?"

मी म्हटलं, न मानून काय करतील, दोनशे वर्षं गावातली लग्नं, भांडणं, जमिनी सगळं त्याच पुस्तकावर चालतंय.

आणि त्याबरोबर मला एक फार मोठी युक्ती सुचली. मी उडालो हा जर गुन्हा असेल, आणि तो गुन्हा जर सिद्ध झाला, तर मी उडालो हे सिद्ध झालं. फीमीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुला सुचतं बरं एकेक."

बुधवार, २४ ऑगस्ट

काल पंचांसमोर उभा राहिलो. चर्चच्या मागच्या खोलीत पाच पंच, मधे पाळक, टोकाला कारकून मिस्टर इंग्लिस पुस्तक उघडून. टॅमस शिपाई म्हणून दाराशी.

पाळक भला माणूस. त्यांना वाटत होतं मी घाबरलोय.

"एबेनेझर, रविवारी तू यंत्र घेऊन वाळूवर गेला होतास, एवढंच ना?"

"गेलो होतो. आणि हवेतून ओढा ओलांडला. तीनशे बारा यार्ड."

"एवढं सगळं सांगायची गरज नाही, बाळ."

"लिहा, पाळकसाहेब. सगळं लिहा."

इंग्लिस म्हणाले, "आरोपी स्वतः म्हणतो म्हणून गुन्हा लिहिता येत नाही. दोन साक्षी पाहिजेत."

फीमीने सांगितलं. एक साक्ष झाली. मग कुणाला काही ऐकू आलं होतं का, अशी चौकशी झाली. एक पंच म्हणाले, दुसऱ्या स्तोत्रानंतर घरघर ऐकू आली, पण मला वाटलं वरच्या सज्जात कुणी घोरतंय. दुसरे म्हणाले, मलाही तसंच वाटलं, पण मला वाटलं तुम्हीच. घोरण्याची साक्ष धरता येत नाही असं ठरलं.

पाळकांना हायसं वाटलं. म्हणाले, "मग 'सिद्ध झालं नाही' असं लिहू या. मुलाला घरी जाऊ दे."

आमच्या देशात हा तिसरा निकाल असतो. गुन्हेगार नाही, निर्दोषही नाही, नुसतं सिद्ध झालं नाही. पंचांनी माना हलवल्या. एकाने माझ्याकडे बघून डोळासुद्धा मिचकावला. इंग्लिसनी टाक शाईत बुडवला.  दोन वर्षं त्या एका ओळीत जाणार होती, आणि सगळे माझं भलं करत होते.

तेवढ्यात टॅमस दारातून म्हणाला, "मी पाहिलं."

पाळक म्हणाले, "काय पाहिलंस?"

"हा वरून गेला तो."

"तू कसा पाहशील? उपदेश चालू असताना तू या खोलीत असतोस. मी स्वतः दारातून तुझा कोट बघतो."

"कोट असतो, पाळकसाहेब. मी टेकडीवर असतो. तुम्हाला वर पोचवून बायबल ठेवलं की पाइप ओढायला जातो. शेवटच्या स्तोत्राला परत येतो."

"कधीपासून?"

"तुमच्या आधीचे पाळक होते, त्यांच्यापासून."

 मग पाळकांनी हळू आवाजात विचारलं, "माझा एकही उपदेश तू ऐकला नाहीस?"

"सुरुवाती सगळ्या ऐकल्यात. सुरुवाती चांगल्या असतात."

इंग्लिस खाकरले. "हवेत होतं म्हणतोस. किती उंच?"

"सहा फुटांच्या वर हातभर."

"अंदाजाने?"

"सहा फूट मला अंदाजाने सांगावं लागत नाही, साहेब. तीस वर्षं खणतोय."

 इंग्लिसनी लिहून घेतलं.

निकाल. मी दोषी. येत्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून समज घ्यायची. फीमीने भावाच्या सांगण्यावरून केलं, तिची काही चूक नाही, असं ठरलं. सुटल्याबद्दल ती खूष दिसली नाही. स्वभाव. टॅमसला तीन महिने बायबल उचलायचं नाही, घंटा वाजवायची नाही. कबरी मात्र त्याच्याकडेच राहिल्या, ते काम दुसऱ्या कुणी मागितलं नाही.

बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, "काका, तुम्ही कशाला बोललात? इतकी वर्षं लपवलंत."

तो म्हणाला, "तीस जुलैला शिंकलो ना. ते डोक्यात बसलं होतं."

पुस्तकातल्या नोंदीची नक्कल मागितली. इंग्लिस म्हणाले, शिक्षा पुरी झाल्याशिवाय नक्कल देत नाहीत.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

पाळक घरी आले. चहा घेतला, केक नको म्हणाले, मग दोन खाल्ले. म्हणाले, रविवारी फार त्रास करून घेऊ नकोस. मी नुसतं 'शब्बाथ मोडल्याबद्दल' एवढंच वाचेन, तू मान हलव, झालं. यंत्राचं नाव घ्यायला नको. पुस्तकातही तेवढंच ठेवू.

मी म्हटलं, नको. जसं झालं तसंच वाचा. ओढ्यासकट.

"लोक हसतील, एबेनेझर."

"हसू देत."

त्यांचे डोळे जरा ओले झाले. म्हणाले, गावात इतकी नम्रता बऱ्याच वर्षांत पाहिली नाही.  फीमी उठून आत गेली, आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघितलं तर ती तोंडात फडकं धरून उभी होती.

आज मला वाईट वाटलं. पाळक खोटं बोलत नव्हते, मीही खोटं बोललो नाही, तरी त्यांना फसवल्यासारखं वाटतंय. टॅमसबद्दलही वाटतं. आज घंटा इंग्लिसांच्या पुतण्याने वाजवून पाहिली. गावातले कुत्रे भुंकले.

सोमवार, २९ ऑगस्ट

काल चर्च भरलेलं होतं. ओढ्यापलीकडच्या शेतांवरूनही माणसं आली होती. बायबल इंग्लिसांनी नेलं, पायरीवर अडखळले. टॅमस सगळ्यात मागच्या बाकावर, इतर लोकांसारखा बसला होता. त्याला तिथे बसलेलं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, लोक वळून वळून बघत होते.

उपदेश पूर्ण ऐकला. तासभर आणि वर दहा मिनिटं. टॅमसही ऐकत होता.

मग पाळकांनी माझं नाव घेतलं. उभा राहिलो. मान खाली घालायची असते, घातली. त्यांनी कागद उलगडला आणि सगळं वाचलं. एबेनेझर बेव्हरिज याने चौदा ऑगस्टच्या रविवारी, उपासनेच्या वेळी, स्वतः बांधलेल्या यंत्रात बसून, पाण्याला आणि जमिनीला स्पर्श न करता ओढा ओलांडला. पहिल्या बाकावरच्या मिसेस रॅटरी, ज्या गेली दोन वर्षं मला बघून रस्ता बदलतात, त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. किती उंच ते बघत असाव्यात.

इंग्लिस नक्कल घेऊन बसले होते, कागदाची घडी खिशातून थोडी बाहेर दिसत होती. माझ्या एका शब्दाची वाट होती.

"एबेनेझर, हे तुला कबूल आहे?"

"कबूल आहे."

मागून टॅमस म्हणाला, "इकडे ऐकू आलं नाही."

पाळकांनी चष्म्यावरून मागे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांग."

मी मान वर केली आणि पुन्हा सांगितलं. या वेळी यार्डांसकट.